मागच्याचं कोण बघणार?

सोलापूरहून कुंभारीला गाडी चालवत जायचं तर पुढे बघावं लागतं, पण आरशात त्याहून जास्त बघावं लागतं. हा अक्कलकोट रोड. मागे कधी एसटी, कधी कर्नाटकची बस, कधी वळसंगकडे निघालेली वडाप जीप. आणि जो कोणी असेल तो अगदी बंपरला बंपर लावून. कुंभारीच्या मेडिकल कॉलेजात नोकरी असल्यानं माझी रोजची जा-ये याच रस्त्यानं. गोदूताई परुळेकर वसाहतीची वर्दळ आधीपासून होतीच. २०२४ च्या जानेवारीत तिथल्याच रे नगर वसाहतीतल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं आणि टमटम, जीप, दुचाकी यांची त्यात भर पडली. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ऊस. गुरुवारी त्यात अक्कलकोटच्या स्वामींच्या दर्शनाला चालत निघालेली माणसं.

अशा रस्त्यावर मी अडासवाली, म्हणजे चालकाच्या मदतीला यंत्रणा असलेली, गाडी आणली ती मुलाच्या आग्रहानं. ‘बाबा, तुमचं लक्ष नसलं तरी गाडीचं असतं,’ हा त्याचा मुद्दा. गाडीच्या पुढच्या बाजूला रडार आणि आतल्या आरशामागे काचेला चिकटून कॅमेरा. रडारच्या लहरी पुढच्या वस्तूवर आपटून परत येतात, त्यावरून अंतर आणि वेग कळतो. ती वस्तू माणूस आहे, मोटारसायकल आहे की ट्रक, हे कॅमेऱ्यानं ओळखायचं. धडक होणार असं दोघांच्या हिशेबात बसलं की आधी शिट्टी वाजते, तरीही पाय हलला नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते.

डिसेंबरातली सकाळ होती, साडेसातचा सुमार. हा रस्ता सोलापुरातून आग्नेयेला जातो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो. डाव्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर कच्च्या रस्त्याला वळत होता. मागची ट्रॉली अजून थोडी डांबरावर, तिच्या बाहेर उसाची वाढी लोंबत होती. मी उजवीकडून चाललो होतो, मध्ये जागा भरपूर. एवढ्यात शिट्टी वाजली, पडदा लाल झाला आणि गाडी जागच्या जागी दाबली गेली. पट्टा छातीत रुतला. पाठोपाठ मागून टायर घासल्याचा आवाज. आरशात जीपचं बोनेट सोडून दुसरं काही दिसेना.

धडक झाली नाही. जीप माझ्या डिकीपासून वीतभर अंतरावर थांबली. उतरून मागे गेलो. आत विडी कामगार बाया दाटीवाटीनं बसलेल्या. एकीचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटून टेंगूळ आलेलं, दुसरीचा डबा उघडून शेंगाचटणी आणि भाकरीचे तुकडे सगळ्यांच्या पायात. ड्रायव्हर खाली उतरला.

‘मोकळ्या रस्त्याला ब्रेक मारलाव ओ साहेब! आमी कसं आवरायचं?’

मी म्हणालो, ब्रेक मी नाही मारला, गाडीनं मारला.

त्यानं माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. ‘मग तुमी आत कशाला बसलाव?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. पोरगा हुशार आणि नम्र. त्यानं स्कॅनर जोडला, पडद्यावरच्या हिरव्या खुणा दाखवल्या. ‘सर, एकही एरर कोड नाही. सिस्टिम ओके आहे.’ रडारवरची धूळ पुसली, काच साफ केली, ठरावीक अंतरावर फळा ठेवून कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केलं. माझी तक्रार लिहून घ्या म्हटलं, तर जॉबकार्डवर ओळ आली: ‘ग्राहकास सिस्टिमची माहिती दिली.’ मॅन्युअलमध्ये सगळं आधीच छापलेलं होतं: समोरून ऊन, धूळ, वेगळ्या आकाराची वाहनं, अशा वेळी यंत्रणा चुकू शकते. म्हणजे आमचा आख्खा गळीत हंगाम अपवादात बसलेला! यंत्र बिघडलं असतं तर कोड आला असता. इथे यंत्र ठणठणीत होतं आणि त्याचा अंदाज चुकला होता. चुकलेल्या अंदाजाला कोड नसतो.

घरी येऊन वाचायला लागलो तेव्हा कळलं, हे दुखणं जगभरचं आहे. त्याला फँटम ब्रेकिंग म्हणतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं फेब्रुवारी २०२२ मध्ये टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली, त्यामागे ३५४ तक्रारी होत्या. त्याच महिन्यात होंडाच्या सुमारे १७ लाख गाड्यांचीही चौकशी लागली. तिथले रस्ते आमच्यासारखे नाहीत, तरी ही गत.

मुळात हा दोन चुकांमधला तोल आहे. रडारला पूल, पाट्या, दुभाजकाचे कठडे अशा थांबलेल्या कितीतरी वस्तू दिसत असतात. प्रत्येकीला भिऊन ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून सॉफ्टवेअर त्यातल्या पुष्कळशा सोडून देतं. सोडण्याचं प्रमाण वाढवलं तर रात्री रस्त्यात उभी असलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली कदाचित त्यातच जाईल. कमी केलं तर माझ्यासारखा मोकळ्या रस्त्यात थांबेल.

तरी ही यंत्रणा काढून टाका असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात एकदा शहरातच एक मोटारसायकलवाला हात न दाखवता आडवा घुसला, तेव्हा माझा पाय ब्रेकवर पोचायच्या आत गाडी थांबली होती. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेच्या अभ्यासात या ब्रेकमुळे पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात निम्म्यानं कमी झालेले आढळले आहेत. तो मोटारसायकलवाला त्या निम्म्यातलाच.

पण त्या अपघातांच्या हिशेबात जीपमधल्या बाईचं टेंगूळ कुठे धरायचं? ब्रेक लावणारा माणूस नुसतं पुढे बघत नाही. डोळा आरशाकडे जातो. मागे जीप चिकटलेली असेल तर तो जरा हलका ब्रेक दाबतो, थोडी बगल देतो, प्रसंगी पुढच्या खड्ड्यात चाक घालतो. माझ्या गाडीच्या ब्रेकला हा हिशेब ठाऊकच नाही. तो पुढचं बघून लागतो, मागचं मागच्यानं बघावं. जिथे सगळे अंतर राखून चालतात तिथे हे चालून जातं. अक्कलकोट रोडवर तसं अंतर ठेवलं तर त्यात दुसरी जीप घुसते.

आता शहर सोडताना मी सेटिंगमध्ये जाऊन ‘फक्त इशारा’ ठेवतो. शिट्टी वाजेल, ब्रेक माझा. माझ्या गाडीत चावी फिरवली की ते पुन्हा मूळ जागेवर येतं, म्हणून हा उद्योग रोजचा. आणि पुढे वळणारी ट्रॉली दिसली की तिच्याजवळ पोचायच्या आधीच वेग उतरवतो, म्हणजे मागच्यालाही सूचना मिळते.

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं ट्रक, बस आणि आठहून जास्त प्रवासी नेणाऱ्या गाड्यांसाठी असा ब्रेक सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. हेतू चांगलाच आहे. पण कारमध्ये माझ्या छातीला पट्टा होता; बसमधल्या प्रवाशाला तो नसतो, आणि गच्च भरलेला ट्रक उगाच थांबला तर मागच्याची काय गत होईल हे सांगायला नको. म्हणून सक्तीच्या आधी या यंत्रणेची परीक्षा गळीत हंगामात, सकाळच्या उन्हात, दुहेरी ट्रॉल्यांच्या रांगेत व्हावी. आणि कोड नसला तरी ‘गाडीनं उगाच ब्रेक लावला’ ही तक्रार, दिवस, वेळ आणि जागेसकट, जॉबकार्डवर लिहून घेणं बंधनकारक व्हावं. अमेरिकेत चौकशी लागली ती ३५४ तक्रारी कुणीतरी नोंदवून घेतल्या म्हणून. माझी मात्र ‘माहिती दिली’ या सदरात जमा आहे.