एका कानाचं देणं

मालिकेचा भाग असो, जाहिरात असो की एखादं गाणं, मिक्स होत आला की मी मोनोचं बटण दाबतो आणि सगळं पहिल्यापासून एकदा ऐकतो. स्टुडिओतल्या नव्या मुलांना त्याची गंमत वाटते. ‘सर, आता मोनो कोण ऐकतं?’ मी म्हणतो, रिक्षावाल्यानं डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल मोनो आहे, सोसायटीच्या गणपतीतला भोंगा मोनो आहे, हॉटेलच्या भिंतीवर उंच टांगलेला टीव्ही चार टेबलांपलीकडून मोनोच आहे. डावं-उजवं एकत्र केल्यावर फेज उलटी असेल तर अख्खं व्हायोलिन गायब होतं, ते इथंच कळलेलं बरं. मुलांना हे पटतं. पण मी हे शिकलो ते कुठल्या कोर्समध्ये नाही. आंबिवलीत शिकलो, एका कानानं पूर्ण बहिऱ्या असलेल्या माणसाकडून.

कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की शहाडनंतर आंबिवली, मग टिटवाळा. आंबिवलीला उतरणारे बहुतेक जण तेव्हा मोहन्याच्या वाटेला लागायचे, कारण मोहन्यात उल्हास नदीच्या काठी एनआरसी होती. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन हे पूर्ण नाव फक्त पगाराच्या पाकिटावर. रेयॉन करताना लाकडाच्या लगद्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, त्यामुळे रेयॉनच्या गावांना एक वास असतो. पाहुणे स्टेशनातच रुमाल काढायचे. आम्हाला तो मे महिन्याची सुट्टी संपवून परत आल्यावर पहिला दिवसभर यायचा, नंतर नाही.

आमच्या शेजारचे काका इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. सगळी कॉलनी त्यांना ‘वायरमनकाका’ म्हणायची, ते काही नुसते वायरमन नव्हते तरी. लहानपणी त्यांचा उजवा कान फुटला, वाहत राहिला, लसणीच्या तेलावर भागवलं गेलं आणि तो कान कायमचा गेला. बोलताना ते मान किंचित उजवीकडे वळवायचे, म्हणजे डावा कान आपल्यासमोर यायचा. अनोळखी माणसाला वाटायचं, यांना आपल्याकडे बघायचं नाहीये. गणेशोत्सवात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की पायपेटीवर तेच बसत, आणि तबलजीला हटकून डावीकडे बसवत.

त्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता, म्हणजे त्यांनी जमवला होता. गॅरार्डचं जुनं टर्नटेबल चोरबाजारातून, व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर लॅमिंग्टन रोडवरून, स्पीकरची पेटी आमच्याच कॉलनीतल्या सुताराकडून. पेटी एकच. कार्ट्रिज स्टिरिओचं होतं, पण त्याच्या दोन्ही तारा काकांनी एकत्र जोडलेल्या. ‘दुसरा स्पीकर कुणासाठी लावू?’ असं म्हणून ते हसायचे. त्यात एक फायदा होता, तो त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावला. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते. स्टिरिओत खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरलेले असतात, म्हणून सुई वरखालीही होते. लंडनच्या अ‍ॅलन ब्लुमलाइननं 1931 साली ही युक्ती पेटंट केली, बाजारात यायला तिला पंचवीसेक वर्षं लागली. दोन तारा एकत्र केल्या की वरखालीचा भाग एकमेकांत वजा होतो, आणि धुळीची, ओरखड्यांची पुष्कळशी खरखर त्या वरखालीच्या भागातच असते. त्यामुळे काकांकडे चोरबाजारातली घासून गेलेली तबकडीसुद्धा स्वच्छ वाजायची.

तशाच घासलेल्या ढिगातून त्यांनी ‘द यंग रास्कल्स’ आणली. 1966 सालची, अटलांटिक कंपनीची, अमेरिकेत छापलेली. एखाद्या बोटीवरच्या खलाशानं मुंबईत विकली असावी असा काकांचा तर्क. कव्हरवर 8123 एवढाच आकडा. स्टिरिओच्या प्रतीवर त्या आधी ‘एसडी’ असतं. दुकानदार कोपऱ्यातल्या दुसऱ्या एलपीचं स्टिरिओ-स्टिरिओ म्हणून कौतुक करत होता, काकांनी मुद्दाम ‘एसडी’ नसलेली उचलली. त्यांना बँडचं नाव माहीत नव्हतं.

चौघे जण, न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडचे गोरे पोरगे, आणि गातात मात्र काळ्या अमेरिकेच्या चर्चमधून आलेलं सोल. फेलिक्स कॅव्हेलिएरे ऑर्गनवर, एडी ब्रिगाटी गायला, जीन कॉर्निश गिटारवर, डिनो डॅनेली ड्रमवर. दहा गाणी, त्यातली बहुतेक दुसऱ्यांची. ‘गुड लव्हिन’ त्याआधी ऑलिम्पिक्स नावाच्या मंडळींनी म्हटलं होतं, पण रास्कल्सचं 1966 च्या एप्रिलअखेर अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. ‘मस्टँग सॅली’ विल्सन पिकेटचं म्हणून जगाला माहीत आहे. रास्कल्सनी ते त्याच्या आधी गायलं, आणि त्यांच्याही आधी ते ज्यानं लिहिलं त्या मॅक राइसनं. यातलं काहीही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. इंग्रजी शब्द निम्मे कळत नव्हते. काकूंना तो सगळा धिंगाणा वाटायचा आणि त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही.

काकांना पकडलं ते ऑर्गननं. ‘पायपेटी आहे रे ही!’ असं ते पहिल्यांदा ओरडले तेव्हा मी दचकलो होतो. मग एका जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात त्यांनी हॅमंड ऑर्गनची माहिती शोधून काढली. आत दातेरी चाकं फिरतात, प्रत्येकासमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं, चाक फिरलं की वेटोळ्यात वीज उठते आणि तोच सूर. ‘म्हणजे हा जनरेटरच की!’ दिवसभर मोटारी आणि जनरेटर बघणाऱ्या माणसाला याहून मोठा आनंद काय असणार. आपल्या पायपेटीवर पाय नुसता भाता मारतात, वारा पुरवतात. हॅमंडच्या खाली पायांसाठी वेगळ्या पट्ट्या असतात आणि त्यांवर खर्जाचे सूर वाजवता येतात. रास्कल्सचा स्टेजवर बासगिटारवालाच नव्हता, तो भाग कॅव्हेलिएरे पायानं सांभाळायचा. पुढच्या गणेशोत्सवात नाट्यपद वाजवताना काकांचे पाय जरा जास्तच जोरात चालले होते.

माझं शिक्षण त्या रेकॉर्डवर झालं. काका मला पेटीसमोर बसवायचे आणि विचारायचे, ‘पुढं कोण उभं आहे?’ मी म्हणायचो, गाणारा. ‘त्याच्या मागं?’ ऑर्गन. ‘आणि ड्रम?’ मी गोंधळायचो. एकाच पेटीतून सगळं येतंय, त्यात पुढं-मागं कसलं? ते सुई उचलून परत मागे ठेवायचे. हळूहळू दिसायला लागलं. जो आवाज कोरडा आणि स्पष्ट तो पुढे, ज्याला खोलीचा घुमारा लागलाय तो मागे. टॅम्बोरिन बारीक आहे पण सगळ्यांच्या पुढे, कारण त्याच्या वाटेत कुणी नाही. ‘गुड लव्हिन’ शेवटाकडे एकदम थांबतं, क्षणभर काही नाही, आणि मग सगळे एकदम परत येतात, तिथं काका बोट वर करायचे. त्या थांबण्यात खोली ऐकू येते म्हणायचे. मला ती खोली ऐकू यायला पुष्कळ दिवस लागले. आज मिक्स करताना मी आधी पुढचं-मागचं लावून घेतो, डावं-उजवं शेवटी. माझ्याबरोबरचे काही जण याला जुनी खोड म्हणतात. म्हणोत.

काकांना काय ऐकू येत नव्हतं, हे मला कळलं मिनर्व्हात. ‘शोले’ लागला होता, सत्तर एमएम, स्टिरिओफोनिक. लॅमिंग्टन रोडवर व्हॉल्व्ह घ्यायचे आणि त्याच रस्त्यावर सिनेमा बघायचा, असा बेत. त्यातल्या नाण्याची गोष्ट तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होती: नाणं पडल्याचा आवाज येतो आणि लोक आपल्या खुर्चीखाली वाकून बघतात. मीही आवाजाच्या दिशेनं वळलो, आजूबाजूचे दोघं-तिघं वाकलेसुद्धा. काका सरळ पडद्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी अगदी सहज विचारलं, ‘कुठं पडलं रे ते?’ मी सांगितलं. ‘हं,’ म्हणाले, आणि ग्रँट रोड स्टेशनकडे चालू लागले. आवाज कुठून आला हे ठरवायला दोन कान लागतात, दोन्हींपर्यंत तो पोचायला जो किंचित वेळेचा आणि जोराचा फरक पडतो त्यावरून मेंदू दिशा काढतो. त्यांच्यासाठी सगळं जग एकाच जागेवरून ऐकू येत होतं. पुढं-मागंचा त्यांचा हट्ट कुठून आला ते मला त्या चालण्यात समजलं असं म्हणणार नाही, मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. पण ‘हं’ लक्षात राहिला.

पुढं कॉलनीतल्या कुणाचा तरी भाऊ दुबईहून स्टिरिओ टू-इन-वन आणि हेडफोन घेऊन आला. बीटल्सची ‘रबर सोल’ लावून त्यानं मोठ्या प्रेमानं हेडफोन काकांच्या डोक्यावर चढवला. काका ऐकत राहिले, मग हेडफोन काढून म्हणाले, ‘वाजवतात छान. पण गाणारे कुठं गेले?’ त्या अल्बमच्या जुन्या स्टिरिओत बहुतेक गाण्यांत वाद्यं डावीकडे आणि आवाज उजवीकडे आहेत. काकांच्या वाट्याला फक्त वाद्यं आली होती. सगळे हसले, तेही हसले. बीच बॉइजचा ब्रायन विल्सनही उजव्या कानानं बहिरा होता आणि त्यानं 1966 चा ‘पेट साउंड्स’ मोनोतच केला, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. ते काकांना सांगायला मिळायला हवं होतं.

काका गेले त्याला आता बराच काळ झाला. 2009 मध्ये कारखाना बंद पडला तेव्हा ते नव्हते.

2024 साली रास्कल्सच्या अटलांटिकवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संच निघाला. पहिला अल्बम त्यात मोनो आणि स्टिरिओ, दोन्ही रूपांत आहे. मी तो मागवला आणि एक रविवार फक्त त्यालाच दिला. स्टुडिओचे चांगले स्पीकर, मधोमध खुर्ची.

हे दोन मिक्स वेगवेगळे आहेत, एकाचं दुसरं केलेलं नाही. त्या काळी खरा माल मोनो: रेडिओ मोनो, ज्यूकबॉक्स मोनो, पोरांचे प्लेअर मोनो. स्टिरिओची प्रत डॉलरभर महाग, ती घरात मोठं यंत्र असणाऱ्यांसाठी. दोन-तीन वर्षांत हे उलटलं आणि अमेरिकन कंपन्यांनी मोनो छापणंच बंद केलं. अटलांटिककडे मात्र पन्नासच्या दशकापासून आठ ट्रॅकचं यंत्र होतं, ते आणण्याचा आग्रह टॉम डाउडचा. हा गृहस्थ तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम करून आला होता, आणि मग आयुष्यभर त्यानं फेडर सरकवले. रास्कल्सच्या ध्वनिमुद्रणावर देखरेख त्याची आणि इस्तंबूलहून आलेल्या आरिफ मार्दिनची. आठ ट्रॅक हाताशी असल्यावर स्टिरिओ करायला मोकळीक असते, आणि ती ऐकू येते.

स्टिरिओ लावलं आणि मला गर्दी पांगल्यासारखी वाटली. जे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते अंतरावर जाऊन उभे राहिले. ‘बेबी लेट्स वेट’सारख्या संथ गाण्याला त्याचा फायदा होतो, हवा लागते. ऑर्गनचा लांबवलेला सूर कुठं संपतो ते नीट कळतं, मागचे आवाज मोजता येतात. काही तपशील मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकले, आणि ही रेकॉर्ड मला पाठ आहे असा माझा समज होता. पण ‘मस्टँग सॅली’ आणि ‘गुड लव्हिन’ मला स्टिरिओत चालत नाहीत. ऑर्गन आणि ड्रम एकाच ठिकाणाहून छातीवर यायला हवेत, ते दोन दिशांनी आले की धक्का वाटून जातो. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ दोन्हींत कंटाळवाणं आहे, डिलनच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं.

मग एक गोष्ट करून बघितली. स्टिरिओ लावून मोनोचं बटण दाबलं, म्हणजे काकांच्या दोन तारांची जोडणी. ते खऱ्या मोनोच्या जवळ जातं पण तिथं पोचत नाही. तोल सुटतो: मधोमध असलेला गाणारा वर चढतो, कडेची वाद्यं खाली बसतात. काकांकडे स्टिरिओच्या ज्या तबकड्या होत्या त्या त्यांनी आयुष्यभर अशाच किंचित वाकड्या ऐकल्या. म्हणून असेल, ‘एसडी’ नसलेली प्रत निवडताना त्यांच्या चेहऱ्यावर सौदा जिंकल्याचा भाव होता. खरं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण मोनोसाठी म्हणून बसवलेला तोल मला त्या तबकडीवर ऐकायला मिळाला, आणि माझं सगळं काम त्या तोलावर चाललंय.

मूळ तबकडी काकांच्या मुलीकडे पुण्यात आहे. मी एकदा सुचवून पाहिलं होतं की माझ्याकडे प्लेअर आहे, तुझ्याकडे नाही. ताई म्हणाली, ‘प्लेअर नाही म्हणून काय झालं, बाबांची आहे.’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी मी तिला ‘गुड लव्हिन’ मोबाइलवर पाठवलं, मोनो. दहा मिनिटांनी फोन.

‘अरे, दोन्ही कानांत सारखंच येतंय. बिघडलंय का काही?’

‘नाही गं. तसंच आहे ते. काका ऐकायचे तसं.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरं. आणि दुसरं काय निघालंय म्हणत होतास, दोन बाजूंचं? तेही पाठव की. मला तर दोन कान आहेत.’