देहूरोडच्या चार वाटा आणि एक मोटार

पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या आगगाडींतील प्रवाशाचें देहूरोड स्थानकाकडे सहसा लक्ष जात नाहीं. आकुर्डी मागें पडलेली असते, बेगडेवाडी यावयाची असते, आणि मध्यें हें स्थानक खिडकींतून क्षणभर दिसून नाहींसें होतें. तुकोबांच्या देहूस जाणारानें येथें उतरावें, म्हणून ह्याचें नांव देहूरोड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्करी कोठारांमुळें येथील वस्ती वाढली. २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं येथील विहारांत बुद्धमूर्तीची स्थापना केली. एवढें सांगितलें कीं बहुतेक प्रवासवर्णनांतून ह्या गांवाची बोळवण होते. परंतु देहूरोडचें खरें वैशिष्ट्य तेथील रस्त्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

जुना मुंबई-पुणें रस्ता ह्या गांवाच्या मधून जातो. शेजारच्या किवळ्यास मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग सुरू होतो. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा हा मार्ग २००२ सालीं संपूर्ण खुला झाला. तेथूनच कात्रजकडे जाणारें बाह्यवळण फुटतें. एका बाजूस देहू व दुसऱ्या बाजूस तळेगांवावरून चाकण. भोंवतीं पाहावें तर मोटारींच्या कारखान्यांचें जणूं कडेंच पडलेलें. टाटांचा पुण्याचा कारखाना १९६६ पासूनचा, तर चाकणास महिंद्र आणि फोक्सवॅगन. त्यामुळें शेतकऱ्याच्या ओसरीवर बैलांची चर्चा चालावी, तशी येथील घरोघर मोटारींची चर्चा चालते, आणि त्यांत बोलणारांपैकीं एखाद्यानें ती मोटार स्वतःच्या हातांनीं जोडलेली असते.

अशा गांवीं एका परिचित कुटुंबाकडे आमचें जाणेंयेणें आहे. घरचे कर्ते गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले. वृद्ध मातोश्री, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें असा परिवार. २०२२ च्या उन्हाळ्याअखेर ह्या घरांत एकच विषय होता. जुनी मोटार थकली होती, आणि २७ जून रोजीं महिंद्रनें चाकणास तयार होणारी 'स्कॉर्पिओ-एन' जाहीर केली होती. उंच बांध्याच्या ह्या मोटारीस हल्लीं एसयूव्ही म्हणतात. ३० जुलै रोजीं नोंदणी उघडली तेव्हां अर्ध्या तासांत एक लाख मागण्या आल्या. एवढ्या घाईच्या बाजारांत ह्या घरानें मात्र निर्णय राखून ठेवला. कारण मोटार एक, पण तिचे अवतार अनेक.

वाचकांस कल्पना यावी म्हणून थोडा तपशील देतों. ह्या मोटारीचें २.२ लिटरचें डिझेल इंजिन दोन मापांत मिळत असे. स्वस्त अशा झेड-४ ह्या प्रकारांत १३२ अश्वशक्ति व ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. त्यावरच्या झेड-६ मध्यें १७५ अश्वशक्ति व हातानें गिअर बदलण्याच्या मोटारींत ३७० न्यूटन-मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे चाकास पीळ देण्याचें बळ. भरलेली मोटार चढावर उभी असतां हलवावयाची झाली कीं त्याची प्रचीति येते. नोंदणी, रस्ताकर व विमा सोडून पहिलीची प्रारंभीची किंमत १३ लाख ९९ हजार, आणि दुसरीची १४ लाख ९९ हजार. म्हणजे मुख्यतः त्रेचाळीस अश्वांसाठीं एक लाख रुपये अधिक मोजावयाचे कीं नाहीं, असा हा प्रश्न. ही गोष्ट एकाच कारखान्याची नव्हे. टाटांची हॅरियर २०१९ सालीं १४० अश्वशक्तीची आली आणि पुढच्याच वर्षीं त्याच दोन लिटरच्या इंजिनाची शक्ति १७० झाली.

चिरंजीवांचें मत स्पष्ट होतें. "बाबा, घाटांत चढतांना मोटार धापा टाकूं लागली तर जन्मभर हळहळ वाटेल. एकदांच घ्यावयाची, तर पुरी घ्यावी."

बाबांचें उत्तर तयारच होतें. "अरे, आपल्या जुन्या सुमोला सत्तर अश्वसुद्धां नव्हते. तींत नऊ माणसें आणि आंब्यांच्या पेट्या घालून आपण खोपोलीहून वर आलों आहोंत. तुझ्या ह्या धाकट्या मोटारीला तिच्या दुपटीची शक्ति आहे!"

आजींनीं मध्येंच विचारलें, "तुमचे अश्व राहूं द्या. तिला पाय ठेवावयास पायरी आहे का, तें सांगा आधीं." आजींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया डॉक्टरांनीं सुचविली होती, आणि तिच्यासाठीं बाजूस काढलेली रक्कम व मोटारीची रक्कम ह्या एकाच पेढींत शेजारीं शेजारीं होत्या. वादाचें खरें मूळ तेथें होतें. पण तें कोणी बोलून दाखवीत नव्हतें.

आम्हांस मत विचारण्यांत आलें तेव्हां आम्हीं सुचविलें कीं, मोटारीची परीक्षा कागदावर न करतां देहूरोडच्या चार वाटांवर करावी.

पहिली वाट देहूची. ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबांची पालखी निघते, अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशीं पहिली आरती होते, आणि वारकऱ्यांचा प्रवाह ह्याच बाजूनें आकुर्डीकडे वळतो. एरवींहि एकादशीस व बीजेस ह्या रस्त्यावर पायीं चालणारांचा मान मोठा. येथें १३२ काय आणि १७५ काय, दोन्ही मोटारी माणसाच्या पावलानेंच चालणार.

दुसरी वाट पुण्याच्या बाह्यवळणाची. सूनबाईंची नोकरी त्या बाजूस. सकाळीं व सायंकाळीं वाकडच्या आसपास मोटारींची जी दाटी होते, तींत चालकाचा पाय वेगाच्या पट्टीपेक्षां ब्रेकवर अधिक असतो. शक्तीचा प्रश्न येथेंहि निकालांत निघतो.

तिसरी वाट तळेगांवावरून चाकणची, चिरंजीवांची नित्याची. हिच्यावर मालमोटारींची रांग असते, आणि दुपदरी रस्त्यावर एखादीस मागें टाकावयाचें तर समोरून येणाऱ्या वाहनाचा अंदाज बांधावा लागतो. येथें चिरंजीवांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. आमच्या ढोबळ हिशेबानें, भरलेली मोटार ताशीं ६० किलोमीटरांवरून १०० पर्यंत नेण्यास ह्या दोहोंत दोन-तीन सेकंदांचें अंतर पडावें. समोरून ताशीं ८० च्या वेगानें येणारें वाहन दोन सेकंदांत सुमारें ४४ मीटर जवळ येतें. हें अंतर थोडें नव्हे. पण जो ह्या ४४ मीटरांच्या भरंवशावर मालमोटार ओलांडतो, तो अधिक शक्ति मिळतांच अधिक अरुंद फटींत शिरतो, हाहि मनुष्यस्वभाव आहे.

चौथी वाट लोणावळ्याची, आणि पुढें घाटाची. सर्व वाद हिच्यासाठीं! प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, देहूरोड देशावर आहे. मुंबईकरास घाट आधीं चढावा लागतो. देहूरोडकरास तो आधीं उतरावा लागतो. उतरतांना अश्वशक्तीचा उपयोग नसतो. तेथें खालचा गिअर, ब्रेक आणि चांगले टायर हेच राखणदार. चढण येते ती परतीच्या प्रवासांत. तिचाहि हिशेब करतां येतो. माणसें व सामान धरून मोटारीचें वजन अडीच टन, चढ विसास एक, आणि वेग ताशीं ६० किलोमीटर मानला, तर गुरुत्वाकर्षण, चाकांचें घर्षण व हवेचा विरोध ह्या सर्वांस पुरून उरण्यास चाकांपाशीं चाळिसांच्या आसपास अश्वशक्ति लागते. द्रुतगति मार्गाच्या सपाटीवर मोटारींस ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा आहे. त्या वेगास तीस-पस्तीस पुरतात. घाटांतील मर्यादा त्याहून पुष्कळ कमी आहे. म्हणजे धाकट्या मोटारीपाशींहि गरजेहून पुष्कळ अधिक बळ असतें. २००२ सालीं पहिली स्कॉर्पिओ आली तेव्हां तिच्या इंजिनाची शक्ति १०९ होती, आणि ती दमदार म्हणूनच लोकांच्या मनांत भरली होती. वीस वर्षांत घाट तसूभरहि वाढला नाहीं. वाढली ती आपली अपेक्षा.

ह्याच घाटानें आगगाडीवाल्यांनाहि हा प्रश्न घातला होता. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. कर्जत ते लोणावळा ह्या अठ्ठावीस किलोमीटरांत गाडीस १,८०० फुटांहून अधिक चढावें लागतें. कोठें कोठें चढ सदतिसांस एक इतका कडक आहे. एवढ्या चढासाठीं मुंबईपासून पुण्यापर्यंत दुप्पट-तिप्पट बळाचें ओझें वाहून नेण्याऐवजीं रेल्वेनें तोडगा काढला कीं, कर्जतला मागून जादा इंजिनें जोडावीं, त्यांनीं गाडी वर ढकलावी, आणि घाट संपतांच तीं सुटावीं. वाफ गेली, १९३० च्या सुमारास वीज आली, १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन धांवूं लागली. पण ढकलणाऱ्या इंजिनांची रीत टिकली. दुसरी पद्धति अलीकडची. फेब्रुवारी २०२३ मध्यें सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी आपलें बळ निरनिराळ्या डब्यांखालीं विभागून स्वतःबरोबर बाळगते आणि मदतीवांचून घाट चढते. दोन्ही पद्धति शहाणपणाच्या आहेत. परंतु दुसरीसाठीं मोल अधिक पडतें, आणि तें मोल रोजच्या फेऱ्यांतून वसूल व्हावें लागतें. वर्षांतून चार वेळां कोंकणांत उतरणाऱ्या कुटुंबास तें वसूल होईल काय?

एवढा ऊहापोह झाल्यावर बाबांचा पक्ष जिंकला असें आम्हांस वाटलें. तेवढ्यांत सूनबाई म्हणाल्या, "बाबा, शक्तीचें झालें. पण दोहोंत एअरबॅगा किती आहेत, तें कोणी पाहिलेंत का?"

माहितीपत्रक उघडण्यांत आलें. झेड-४ मध्यें समोरच्या दोन. सहा हव्या असतील तर झेड-८ घ्यावी लागे, आणि तिची डिझेल मोटारीची किंमत १७ लाख ४९ हजार. म्हणजे साडेतीन लाखांचें अंतर. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "मग भांडण १३२ कीं १७५ हें नव्हेच, दोन कीं सहा हें आहे. समोरच्या दोघांपुढें पिशव्या आहेतच. मागें बसणार आजी आणि मुलें. एक लाख जादा द्यावयाचे आणि त्यांत मुख्यतः वेग विकत घ्यावयाचा, हें माझ्या मनास पटत नाहीं. द्यावयाचे तर साडेतीन द्यावे. नाहीं तर धाकटीच बरी."

कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. साडेतीन लाख कोठून येणार, हें सर्वांस ठाऊक होतें. आजी म्हणाल्या, "माझे गुडघे एक वर्ष थांबतील." तेव्हां चिरंजीव उठून त्यांच्यापाशीं बसले आणि म्हणाले, "आजी, गुडघे थांबणार नाहींत. मोटार थांबेल."

आणि मोटार थांबली. त्या हिंवाळ्यांत आजींची शस्त्रक्रिया पार पडली. जुन्या मोटारीस नवे टायर घालून आणखी वर्षभर काम काढलें. दरम्यान कारखान्यानें किंमती वाढविल्या, हा तोटा त्यांनीं समजून सोसला. नोंदणी केली असती तरी कित्येक महिने वाट पाहणें बहुतेकांच्या नशिबीं होतेंच. पुढें रक्कम जमल्यावर त्यांनीं सहा एअरबॅगांची मोटार घेतली. तिच्याबरोबर १७५ अश्वहि आले. वऱ्हाडाबरोबर न बोलावतां पाहुणा यावा आणि त्याचाहि पाहुणचार व्हावा, तसे. आजींसाठीं बाजूस पायरी बसविली. आतां त्या काठी टेंकून स्वतः चढतात.

ह्यावरून सर्वांनीं महागडीच मोटार घ्यावी, असा अर्थ कोणी काढूं नये. ज्या घरीं दोघेंच माणसें, किंवा ज्यांचें जाणें गांवापुरतें, त्यांस धाकटी मोटार सर्वस्वीं पुरेशी आहे, आणि ती घेतल्यानें कसलाहि उणेपणा येत नाहीं. उलट ज्यांस सात माणसें भरून वरंध किंवा ताम्हिणीसारखे घाट वरचेवर चढावयाचे आहेत, त्यांनीं थोरली घेतली तर तो डौल म्हणतां येणार नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं, दालनांतील विक्रेता शक्तीचा आंकडा प्रथम सांगतो म्हणून तोच प्रश्न प्रथम आहे असें समजूं नये. वर्षांतील तीनशें दिवस मोटार कोणत्या रस्त्यानें जाणार, मागच्या आसनांवर कोण बसणार, आणि जादा पैसा घरांतील कोणत्या गरजेंतून काढला जाणार, हे तीन प्रश्न आधीं सोडवावे. शक्ति नित्याच्या रस्त्याच्या मानानें घ्यावी आणि संरक्षण सर्वांत अवघड रस्त्याच्या मानानें घ्यावें. मग उरलेल्या चढासाठीं खालचा गिअर आहे, आणि मालमोटारीच्या मागें पांच मिनिटें स्वस्थ राहण्याची तयारी आहे. कर्जतच्या इंजिनाप्रमाणें हीं साधनें कामापुरतीं जोडतां येतात, आणि त्यांस किंमत पडत नाहीं.