खरखर की घरघर?



बाईंनी या अंकासाठी ‘अनुकरणवाचक शब्द’ हा विषय दिला आहे. पावसाची रिमझिम, पानांची सळसळ, चिमण्यांचा चिवचिवाट हे सगळे तुम्ही लिहिलेच असेल. आम्ही आमच्या ट्रकबद्दल लिहितो. ट्रक म्हणजे हायवेवरचा अठरा चाकी नव्हे. आपल्या गणपतीचे मखर आणि पटाच्या खुर्च्या ज्यातून येतात तो निळा पिकअप. चारही चाके चालवता येतात म्हणून मिशिगनच्या थंडीसाठी मुद्दाम घेतलेला.

गेल्या डिसेंबरात त्याच्या पुढच्या उजव्या चाकापाशी आवाज येऊ लागला. एरवी आम्ही रेडिओ मोठा केला असता. पण जानेवारीत आमची थोरली (आपल्याच वर्गाची जुनी विद्यार्थिनी) हा ट्रक घेऊन एकटी हॉटनला कॉलेजात परत जाणार होती. इथून साडेपाचशे मैल, वाटेत मॅकिनॅकचा पाच मैलांचा पूल, आणि पलीकडे वर्षाला सरासरी २०० इंचांच्या आसपास बर्फ पडणारा मुलूख. चाकाचा बेअरिंग पार गेला तर चाक डगमगते, आणि फारच दुर्लक्ष केले तर निखळूही शकते. आईबापांची झोप उडायला तेवढे पुरे.

गॅरेजवाल्या गृहस्थांनी एक चक्कर मारून सांगितले, ‘ग्राइंडिंग आहे, दोन्ही बाजूंचे हब बदला, १,८०० डॉलर.’ बदलायला हरकत नव्हती, पण हबच का, हे त्यांना सांगता येईना. आम्ही दोघे सॉफ्टवेअरमधले. कारण कळल्याशिवाय काही बदलायचे नाही, आणि बदलायचे तर एका वेळी एकच, ही आमची रोजची शिस्त. ट्रक घरी आणला.

आबा त्या वेळी आमच्याकडे आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये झाली. त्यांनी नातीला पहिलाच प्रश्न विचारला, ‘अगं, खरखर आहे की घरघर?’

ती म्हणाली, ‘आबा, ग्राइंडिंग.’

‘ते साहेबाचं झालं. तुझ्या कानाला काय वाटतं ते सांग.’

मग आबांनी जेवणाच्या टेबलावर तिची शिकवणीच घेतली. बेअरिंग झिजला की घरघर. जात्यावर दळण चालल्यासारखी, अखंड, गाडीच्या वेगाबरोबर चढणारी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. ब्रेकचे पॅड संपत आले की आधी कुईंऽ अशी किंचाळी. त्यासाठी पॅडवर पत्र्याची एक जीभच मुद्दाम बसवलेली असते. तीही किंचाळी ऐकली नाही की लोखंडावर लोखंड, खर्रऽ, आणि ती ब्रेक दाबला की बदलते. ब्रेकच्या तबकडीमागच्या पत्र्यात खडा अडकला तर खोवणीवर नारळ खवल्यासारखी किरकिर. आवाज भयंकर, दुखणे शून्य. पुढच्या आसाचा सांधा गेला तर पूर्ण वळताना कट्कट्. गिअर टाकताना किंवा निघताना ‘ठक्’ झाले तर मागे जाणाऱ्या दांड्याचा सांधा. इंग्रजीत यातल्या निम्म्यांना ग्राइंडिंगच म्हणतात. गॅरेजवाल्यांचा तरी काय दोष!

दुसऱ्या दिवशी रविवार. वस्तीमागच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही प्रयोग मांडला. एकाने चालवायचे, दुसऱ्याने ऐकायचे, मुलीने वहीत लिहायचे आणि आबांनी कानटोपी घालून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. ‘आतून सगळेच आवाज पायाखालून आल्यासारखे वाटतात,’ असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे.

वहीतल्या नोंदी अशा होत्या. उभ्या गाडीत इंजिन कितीही फिरवले तरी आवाज नाही. ताशी तीस ते पंचेचाळीस मैलांत, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खरखर. पाय उचलला की बंद. वळणाचा परिणाम नाही. ब्रेकचाही नाही. आबा रस्त्यावरून ओरडले, ‘उजवंच!’

पाय उचलताच आवाज थांबतो, ही नोंद आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली. झिजलेल्या बेअरिंगला तुमचा पाय कुठे आहे हे ठाऊक नसते, त्याला फक्त वेग कळतो. म्हणजे हबचा बेअरिंग बहुधा निर्दोष. उरले डिफरन्शियल. तेही जोर लागला की ओरडते, आणि त्याचा खर्च हबच्याही वर. तेव्हा बर्फाने झाकलेला सरळ तुकडा पाहून मुलीने बटण फिरवले आणि गाडी चारही चाकांवर घेतली. (कोरड्या रस्त्यावर हे करू नये, आतल्या भागांवर ताण येतो.) तोच चढ, तोच वेग. आवाज गायब! पुढचे डिफरन्शियल खराब असते तर आता त्याच्यावर खरा भार आला होता, ते जास्त ओरडायला हवे होते. मागचे असते तर त्याने आवाज चालूच ठेवला असता.

इथे थोडे यंत्र समजावून सांगावे लागेल. या ट्रकच्या पुढच्या प्रत्येक चाकात आतून दाते असलेले एक कडे असते. ते सरकून आसात अडकले की इंजिनाची ताकद त्या चाकाला मिळू शकते. एरवी, दोनच चाकांवर चालताना, ते कडे मागे ओढून धरलेले असते, आणि ओढून धरणारे बळ म्हणजे हवेची ओढ. ती ओढ इंजिनाकडून येते. शहाळ्याची नळी तोंडात धरून दुसरे टोक बोटाने दाबून ओढा, गाल आत जातात. बोट सोडा, ओढ संपली. इंजिनाचेही तसेच. पाय उचललेला असताना त्याचे तोंड जवळजवळ मिटलेले, म्हणून ओढ जबर. चढावर पाय दाबला की तोंड उघडते आणि ओढ घटते. त्या वेळी आधीची ओढ कोंडून ठेवायला नळीत एक छोटी एकेरी झडप असते. ती गळकी असेल तर काय होईल, हे मुलीनेच सांगितले. कडे धड मागे नाही आणि धड पुढे नाही, दात्यावर दाता घासतो. खरखर!

आता हे सिद्ध करायचे होते. सपाट गॅरेजमध्ये मागच्या चाकांना ठोकळे लावून ट्रकचे नाक वर घेतले आणि घोड्यांवर टेकवले. (मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली बोटसुद्धा घालायचे नाही, मोठी माणसे शेजारी असली तरी.) बारा आणि सहाच्या ठिकाणी धरून चाक हलवून पाहिले, जराही खेळ नव्हता. हाताने फिरवले, घरघर नव्हती. मग हातपंप आणि मापकाटा आणून एकेक भाग वेगळा करून तपासला. दोन्ही हबांनी ओढ धरून ठेवली, काटा हलला नाही. नळ्यांनीही धरली. झडपेवर लावताच काटा लगेच खाली बसला. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची वस्तू. नवी २० डॉलरच्या आत आली.

तरीही आम्ही उजवा हब उघडलाच, कारण घासलेले दाते गोल झाले असते तर ऐन बर्फात चाक निसटून फिरले असते. कडांना चकाकी आली होती, आकार शाबूत होता. आबांनी अंगठा फिरवून पाहिला आणि ‘चालेल’ म्हणाले. दापोडीत या एका शब्दावर गाड्या फलाटाला लागत, असे ते सांगतात. आम्ही आपली खात्री म्हणून आणखी शंभर मैल चालवून घेतला, चढ शोधून शोधून.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ती निघाली. बरोबर पोळ्या, चटणी, फावडे, दोन ब्लँकेटे आणि ती वही. पुलाच्या अलीकडे गॅस भरायला थांबली तेव्हा तिचा फोन आला. आबांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

‘काही आवाज, बाळा?’

‘सूं सूं, आबा. हीटरचा.’