डोंगरावरची पायवाट

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावर हातकणंगले हे तालुक्याचे गाव आहे. तालुक्याच्या उत्तरेला वारणा नदी आणि दक्षिणेला पंचगंगा. नद्यांच्या काठी जिकडे पाहावे तिकडे उसाचे मळे. या दोन नद्यांच्या मध्ये, आळते गावाजवळ, डोंगरांची एक रांग आहे. तेथे रामलिंग आणि अल्लमप्रभू ही देवस्थाने आहेत. श्रावणात भाविकांची गर्दी होते. एरवी डोंगर शांत असतो.

देवळे मागे टाकून पुढे गेले, की ना बाग, ना झोपाळे, ना तिकीटघर. जे पाहायचे ते पायी चालूनच. पावसाळा संपता संपता मी तेथे जातो. पायवाट गुराख्यांनी आणि शेळ्यांनी पाडलेली आहे. सुरुवातीला नुसते गवत आणि काळे दगड दिसतात. पण थोडे थांबले, की डोंगर बोलू लागतो. बाभळीच्या काटेरी फांदीवर सुगरणीची घरटी झुलत असतात. पायाजवळून तितर भर्रकन उडतो आणि आपणच दचकतो. कपड्यांना कुसळे चिकटतात. ती गवताची बीजे! आपल्याला न विचारता, आपल्याच पायांनी ती नव्या जागी पोहोचतात.

रामलिंगच्या गुहेत खडकातून पाणी ठिबकते. हे पाणी येते कोठून? डोंगरावर पडलेला पाऊस गवत अडवून धरते. मग तो मातीत मुरतो आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतो. पायथ्याच्या विहिरींनाही असेच पाणी मिळते.

एका उन्हाळ्यात डोंगराच्या एका उतारावर वणवा लागला. गवत जळून गेले. पुढच्या पावसात त्या उतारावरून गढूळ लोंढे धावले. डोंगराची मातीच वाहून चालली होती. शेजारच्या गवताळ उतारावरचे पाणी मात्र नितळ होते.

वाटेत भेटलेले एक गृहस्थ म्हणाले, "ही जागा नुसती पडून आहे. सपाट करून हॉटेल बांधले, तर काही उपयोग तरी होईल!"

मी खालच्या विहिरींकडे बोट दाखवले. "काका, ही जागा पडून नाही. ती रात्रंदिवस काम करते आहे."

ते बराच वेळ विहिरींकडे पाहत राहिले.

मुलांनो, तुमच्याही गावाजवळ एखादी टेकडी, गायरान किंवा ओढ्याकाठची झाडी असेल. एकदा तेथे पायी जा. सावकाश चाला, कान उघडे ठेवा, आणि काडी पेटवू नका.