नो शटडाऊन

काही माणसांना सरळ 'हो' म्हणताच येत नाही. जेवायला बसणार का, असे विचारले तर ती म्हणतात, "नाही म्हणत नाही." माझ्या सासुरवाडीची सगळी मंडळी याच पंथातली. ही माणसे यंत्रे बनवू लागली तर कशी बनवतील, असा प्रश्न मला पडण्याचे कारण नव्हते. पण त्याचे उत्तर मला २००५ साली, एक तारखेला, तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेत मिळाले. राउटर नावाच्या यंत्राचे एखादे दार चालू करायचे, तर त्याला 'चालू हो' म्हणून भागत नाही. 'नो शटडाऊन' म्हणावे लागते. म्हणजे, 'बंद राहू नकोस, बाबा!'

मी बी.कॉम. माणूस. डेबिट डावीकडे, क्रेडिट उजवीकडे, एवढ्या भांडवलावर नोकरी चालली होती. शाखेत नुकतेच कोअर बँकिंग आले होते. त्याआधी खातेदाराची शिल्लक लेजरात असे, लेजर कपाटात असे आणि कपाट आमच्या पाठीशी असे. आता शिल्लक मुंबईला सर्व्हरमध्ये राहायला गेली होती. तिला भेटायचा रस्ता एकच : ६४ केबीपीएसची लीज्ड लाइन. तो रस्ता त्या दिवशी सकाळी एका दुसऱ्या रस्त्याचे रुंदीकरण करणाऱ्यांनी कुदळीने तोडला.

एक तारीख म्हणजे पेन्शनरांची दिवाळी. साडेदहाला बाकडी भरली. त्यांत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. ते बाकड्यावर बसले नव्हते, काउंटरशी उभे होते. पत्नीला पुण्याच्या इस्पितळात ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. त्याआधी ४०,००० रुपये भरायचे. अडीचची एस.टी. चुकली तर पुढची संध्याकाळी.

"पासबुकात शिल्लक दिसते आहे ना रे?" गुरुजींनी विचारले.

"दिसते आहे, गुरुजी. पण ते पासबुक. सर्व्हरला विचारल्याशिवाय आम्हाला देता येत नाही."

"म्हणजे माझे पैसे आहेत, हे तुला दिसतं, मला दिसतं, फक्त बँकेला दिसत नाही."

बँकिंगची इतकी नेमकी व्याख्या मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी सांगितली नव्हती.

अशा प्रसंगासाठी मुख्य कार्यालयाने आम्हाला एक मोडेम देऊन ठेवला होता. राउटरला जोडायचा, टेलिफोनची तार लावायची, आणि लाइन तुटली की राउटर स्वतःच मुंबईला फोन लावणार. टेलिफोनची तार खांबावरून येत असल्याने कुदळीतून वाचली होती. पण मोडेमची जोडणी कोणी केलीच नव्हती. तो खोक्यात होता आणि खोक्यावर शिपाईमामांची चहाची किटली होती.

साहेबांनी मुंबईच्या इंजिनिअरला मोबाइल लावला आणि तो सरळ माझ्या हातात दिला. कारण मी शाखेत वयाने सर्वांत लहान. आपल्याकडे यंत्रविद्या वयाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे मानतात.

आकाशी रंगाच्या चपट्या केबलने कॉम्प्युटर राउटरला जोडला. इंजिनिअर बोलत गेला. मी पे-इन स्लिपांच्या पाठीवर लिहून घेत गेलो आणि टाइप करत गेलो. हळूहळू लक्षात आले, हे सगळे तर मला माहीत आहे! फक्त नावे इंग्रजी आहेत.

पहिली 'चॅट स्क्रिप्ट'. राउटरने मोडेमला 'एटी' म्हणायचे, म्हणजे 'अटेन्शन'. मोडेमने 'ओके' म्हणायचे. मग 'एटीडीटी' आणि नंबर. पलीकडून 'कनेक्ट' आले तर पुढे बोलायचे, 'बिझी' आले तर तिथेच आटोपते घ्यायचे. कोणी काय विचारायचे आणि काय उत्तर द्यायचे, सगळे आधी ठरलेले. हा तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम! ही 'एटी' भाषा हेज कंपनीच्या १९८१च्या मोडेमपासून चालत आली आहे. कांदेपोहे त्याहून जुने असले, तरी परंपरा एकच.

मग आली 'इंटरेस्टिंग ट्रॅफिक'. राउटर उगाच फोन लावत नाही. त्याच्या यादीत बसणारे, त्याला रस वाटेल असे काही बोलायचे असेल तरच लावतो. आणि दोन मिनिटे तसे काही आले नाही, की फोन ठेवून देतो. हा गुण आमच्या घरात कोणाच्याही अंगी नव्हता.

मग 'चॅप'. यात पासवर्ड तारेवरून पाठवतच नाहीत. पलीकडचा एक आकडा टाकतो, आपण पासवर्ड मनात धरून त्या आकड्यावरून उत्तर काढायचे आणि तेवढेच सांगायचे. दोन्ही बाजूंची उत्तरे जुळली तर माणूस घरचा. फक्त पासवर्डातले अक्षर लहान की मोठे, याची चूक माफ नाही.

आणि शेवटी मोडेमच्या रस्त्याला 'अंतर २००' द्यायचे. अंतर म्हणजे मैल नव्हेत, जवळीक. नेहमीचा रस्ता १, म्हणजे सख्खा. २०० म्हणजे लांबचा चुलता. सख्खे कोणी उरले नाही तरच आठवायचा. २५५ असेल तर राउटर त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही. तो भाऊबंदकीत गेलेला.

मी 'नो शटडाऊन' म्हटले. मोडेमने नंबर फिरवला. सारी शाखा कान देऊन उभी. आणि मोडेमच्या पोटातून एक बाई गोड आवाजात म्हणाली की या टेलिफोनवर एसटीडीची सुविधा उपलब्ध नाही.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले. कर्मचाऱ्यांनी परगावच्या मेहुण्यांशी बोलू नये म्हणून साहेबांनी फोनला गुप्त आकड्याचे कुलूप घातले होते. साहेबांनी पाठ करून कुलूप काढले. तेव्हा मागून हेडकॅशिअर हळूच म्हणाले, "आकडा तोच आहे, साहेब. मी बदललेला नाही."

पुन्हा नंबर फिरला. पलीकडून एक लांब शिट्टी आली. मग दोन्ही मोडेम एकमेकांवर खेकसू लागले. तार किती वेग सोसते, याची ती चाचपणी असते. मग एकदम शांतता. पडद्यावर गुरुजींच्या खात्यातली शिल्लक उमटली. बाकड्यांवरून टाळ्या आल्या. मी कॉलर ताठ केली, आणि दिवे गेले.

त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन होते. युपीएसच्या बॅटऱ्या फक्त डेड स्टॉक रजिस्टरात जिवंत होत्या. शिपाईमामा जनरेटरच्या डिझेलसाठी सायकलवर निघाले. ते परतले तेव्हा दीड वाजून गेला होता. राउटर चालू झाला आणि मला काही ओळखेचना. शिकवलेले सगळे तो विसरला होता. मोबाइलची बॅटरीही संपली होती.

मी स्लिपा हातात घेऊन बसलो. हात थरथरत होते. गुरुजी काउंटरच्या आत आले. ग्राहकाने आत येऊ नये, हा नियम कोणाला आठवला नाही. त्यांनी माझ्या हातातल्या स्लिपा घेतल्या, क्रमाने लावल्या आणि चष्मा चढवला.

"मी सांगतो. तू लिही. शुद्धलेखन समज."

छत्तीस वर्षे त्यांनी हेच केले होते. एकेक अक्षर सुटे, मध्ये नेमका तेवढाच थांबा. इंग्रजीचा अर्थ त्यांना लागत नव्हता, पण कागदावरचे अक्षर आणि पडद्यावरचे अक्षर यांतला फरक नजरेतून सुटत नव्हता. पासवर्डापाशी त्यांनी मला थांबवले. "इथे पहिलं अक्षर मोठं आहे. तू लहान काढलंस." मी दुरुस्त केले.

शेवटच्या स्लिपेच्या कोपऱ्यात दोन शब्द होते. "राइट मेमरी. म्हणजे काय रे?"

"स्मरणात लिहून ठेव, गुरुजी. म्हणजे वीज गेली तरी राहतं."

"आणि मघाशी हीच ओळ गाळलीस?"

मी मान खाली घातली. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, "लिही."

दोन वाजून दहा मिनिटांनी गुरुजींनी पैसे मोजून पिशवीत ठेवले. एस.टी. मिळाली. ऑपरेशनही नीट झाले. त्यानंतर दर एक तारखेला ते काउंटरशी येत आणि पासबुक पुढे करण्याआधी विचारत, "राइट मेमरी केलंस ना?" मी "हो" म्हणे. 'नाही म्हणत नाही' असे त्यांच्यापुढे चालत नसे.

पुढच्या महिन्यात टेलिफोनचे बिल आले. त्या गडबडीत इंटरेस्टिंग काय आणि काय नाही, ही यादी मी मोकळी सोडली होती. त्यामुळे राउटरला सगळ्यातच रस वाटू लागला होता, आणि लाइन तुटली की तो रात्र रात्र मुंबईशी बोलत बसे. साहेबांनी मला बोलावून बिल दाखवले. मेहुण्यांचा खर्च त्याहून कमी होता.

मोडेम मोडीत निघून आता बरीच वर्षे झाली. मी बदली होऊन दोन शाखा पुढे आलो. गुरुजी राहिले नाहीत. त्या स्लिपा माझ्याजवळ आहेत. बँकेच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य. पण सगळ्याच गोष्टींचा घसारा काढता येत नाही. काही गोष्टी स्मरणात लिहून ठेवल्या, की वीज गेली तरी राहतात.