टाकी तापते तेव्हा

राहायला देहूत, नोकरी तळवड्यातल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये. जस्ताचा थर चढवण्याआधी बोल्ट, ब्रॅकेट हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून गंज काढतात. लोखंड खाऊन खाऊन अ‍ॅसिड हिरवट पडतं, ‘मरतं’, आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या ईटीपीत माझ्याकडे येतं. आळंदीला इंद्रायणीवर फेस आला की गावात आम्हा ईटीपीवाल्यांकडे बोट दाखवतात. दरवेळी ते चुकीचं असतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मेलेलं अ‍ॅसिड पुरतं मेलेलं नसतं. पाच टक्के जरी उरलं असलं, तरी अल्कली घालून ते उदासीन करताना हजार लिटरमधून 80 हजार किलोज्यूलच्या आसपास उष्णता निघते. अडीचशे लिटर गार पाणी उकळायला तेवढी पुरेल. अ‍ॅसिडचा हायड्रोजन आयन आणि अल्कलीचा हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होतं, त्याचीच ही उष्णता. म्हणून हायड्रोक्लोरिक असो की नायट्रिक, कॉस्टिक सोड्याशी गाठ पडली की मोलमागे आकडा एकच, साधारण 57 किलोज्यूल. स्टेनलेसवाल्यांच्या हायड्रोफ्लोरिकचा मात्र याहून जास्त, आणि ते अ‍ॅसिड ‘सौम्य’ गटातलं! पुस्तकी सौम्यपणावर विसंबू नये.

कॉस्टिक झटपट काम करतं, तितक्याच झटपट तापवतं. मला चुन्याचं दूध बरं वाटतं. चुना सावकाश विरघळतो, उष्णताही सावकाश सोडतो. धार पडते तिथे आधी हिरवट-करडा गाळ धरतो, हवा लागली की त्याच्या कडा तांबूस होत जातात. घाई केली तर वाफेबरोबर अ‍ॅसिड नाकात चढतं.

नवी मुलं पीएच मीटरकडे टक लावून बसतात. पण तीव्र अ‍ॅसिडात मीटर बराच वेळ एक-दीडवरून ढिम्म हलत नाही आणि शेवटी, लोखंडाचा गाळ बसत आला की, भराभर वर जातो. थर्मामीटर तसा नाही. चुना जितका पडेल तितका पारा चढतो, आणि दर बादलीमागची चढ कमी झाली की अ‍ॅसिड संपत आलं. तिथून पुढे मीटर बघायचा, कारण सोडायचं पाणी 6 ते 9 पीएचमध्येच बसावं लागतं.

चैत्र-वैशाखात हे काम मी सकाळच्या पाळीतच उरकतो. दुपारी टाकी आधीच 35 अंशांवर असते, आणि आमचे पीव्हीसीचे पाइप 60 च्या पुढे मऊ पडायला लागतात.