आईची तूरडाळ

आमच्या रेशनकार्डावर माणशी महिना पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून तर फुकट. पण डाळ विकतचीच. शहरात खोलीवर आम्ही तिघी. आई दरमहा किलोभर तूरडाळ एसटीने धाडते. ती पंधरा दिवसांत संपते, मग मटकी! रात्रभर भिजवून फडक्यात बांधली की वाटीच्या दोन वाट्या होतात. जोडीला शेंगदाणे, गूळ आणि बाजार उठताना मिळणारी स्वस्त मेथी. (गृहशास्त्राच्या मॅडमही नावे ठेवणार नाहीत.)

दिवाळीत घरी गेले. आमटीत पळी फिरवली, तळाला काही लागेना.

"आई, डाळ कुठंय?"

"विरघळली असेल. जेव तू."

निघताना तिने पिशवीत घातलेली डाळीची पुडी मी गुपचूप फडताळात ठेवून आले. आता खोलीवर पहिल्या तारखेपासूनच मटकी भिजते.